विकलेल्या सामानाचं नाटक

लग्न होऊन मी बारामतीत आले, तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की या घरात दोन बायकांचे कपडे शिवावे लागतात. एक मी आणि दुसऱ्या राणीसाहेब. राणीसाहेब म्हणजे हेच, माझे यजमान. दिवसभर ते पेठेतल्या आमच्या दुकानात मशीनवर बसून सदरे आणि बंड्या शिवायचे आणि संध्याकाळी गावच्या हौशी नाटक मंडळीत जाऊन राणी व्हायचे. कधी राणी, कधी ऋषिकन्या, कधी एखाद्या सरदाराची रुसलेली बायको. आवाज गोड, अंगकाठी शेलाटी, आणि मान वळवण्याची ढब अशी की नव्या नवरीनं शिकून घ्यावी. मी खरंच शिकले. चालताना पदर हातानं न धरता डोक्यावर कसा ठेवायचा, हे मला आईनं नाही, नवऱ्यानं शिकवलं.

राणीसाहेबांचा शालू मी शिवला होता. शिवला म्हणजे काय, तर साध्या हिरव्या लुगड्याला दादरहून मागवलेली खोटी जर लावली होती आणि पदरावर चमकीचे मोर काढले होते. लांबून पाहिलं तर कुणा संस्थानिकाच्या घरातला वाटावा, आणि जवळून हात लावला तर तळहात खरवडून निघावा. पण गॅसबत्तीच्या उजेडात हे तो नेसून आले, की पुढे बसलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मला आत कुठंतरी फार बरं वाटायचं.

मंडळीचे प्रयोग गुऱ्हाळांच्या हंगामात व्हायचे. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस निघायचा, गुळाच्या ढेपा पेठेत यायच्या, लोकांच्या कनवटीला चार पैसे असायचे आणि नाटकाला गर्दी व्हायची. पण मी सांगते आहे तो काळ तीस साल उलटून गेल्यानंतरचा. गावात तंबूतला सिनेमा येऊ लागला होता. पडद्यावरची माणसं बोलायला लागली, गायला लागली, आणि मुख्य म्हणजे तिथं बायकांची कामं खऱ्या बायका करू लागल्या. आमच्या मंडळीच्या शेवटच्या प्रयोगाला प्रेक्षकांपेक्षा पडदे ओढणारे जास्त होते असं हेच हसत सांगायचे. त्यानंतर सामानाच्या पेट्या मास्तरांच्या माळ्यावर जाऊन पडल्या. मास्तर म्हणजे शाळेतले शिक्षक. नाटक तेच बसवायचे, तेच राजा व्हायचे, आणि कुणी आजारी पडलं तर त्याचंही काम तेच करायचे.

त्याच सुमारास आमच्या वन्संचं बाळंतपण झालं. माझी ही नणंद इंदापूरला दिलेली. तिथल्या दवाखान्यात पुण्याहून शिकून आलेली एक नर्सबाई नुकतीच रुजू झाली होती. हुशार होती, हाताला गुण होता, पण बायकांसाठी खोलीच नव्हती. एक ओसरी, तिच्यावर तापानं फणफणलेले पुरुष, आणि समोरून कचेरीला जाणाऱ्यायेणाऱ्यांची वाट. तिथं बाळंतीण कशी ठेवायची? घरात अडलं म्हणून सासरचे लोक वन्संना बैलगाडीत घालून बारामतीकडे आणायला निघाले, आणि अर्ध्या वाटेत एका बाभळीखाली गाडीतच त्या मोकळ्या झाल्या. गाडीवान बिचारा पाठ फिरवून बैलांशी मोठ्यानं गप्पा मारत उभा राहिला होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप आल्या. वन्सं स्वतः ही हकिगत हसून सांगायच्या. सासूबाई मात्र ऐकताना डोळ्यांना पदर लावायच्या.

दोनचार दिवस ह्यांच्या मशीनवर एकच सदरा अर्धवट पडून होता. मग एका संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तरांकडे जाऊन येतो." आले ते चेहऱ्यावर नाटकाच्या दिवसांतला उजेड घेऊनच.

"इंदापूरला बाळंतिणीची खोली बांधायची," ते म्हणाले. "दगड आणि मजुरी गावकरी देतो म्हणतात. छप्पर आणि खाटा आपण द्यायच्या."

"आपण म्हणजे कुणी?"

"मंडळीनं."

"मंडळीचं नाटक बघायला कुणी येत नाही, आणि तुम्ही खाटा कुठून देणार?"

"नाटक नाही करायचं. सामान विकायचं. सगळं. लिलाव लावायचा, भर बाजारात."

मी टाके घालत होते ती थांबले. "शालूसुद्धा?"

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, सावकाश प्यायले. "मी पस्तिशीला आलो," ते म्हणाले. "मिशी काढून काढून वरचा ओठ हिरवा पडलाय. आता मला राणी म्हणून कोण बघणार? विकू या. कुणाच्या उपयोगी तरी पडेल."

दुसऱ्या दिवशी मी शालूची सुटलेली जर बसून नीट केली. विकायचा तर धड विकावा.

लिलाव ठरला बाजाराच्या दिवशी, गुळाच्या पेठेसमोरच्या मोकळ्या जागेत. बोली पुकारायला मंडळीनं गुळाचे अडत व्यापारी शेठजी यांना गाठलं. त्यांचा आवाज मोठा, आणि गुळाचे सौदे करण्यात त्यांचा हात धरणारा पेठेत दुसरा नव्हता. पण घोटाळा तिथंच झाला. गुळाचा भाव तेव्हा उपरण्याखाली ठरायचा. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे, आणि भाव त्या दोघांखेरीज कुणाला कळायचा नाही. शेठजींनी सवयीनं पहिल्याच वस्तूला, म्हणजे राजाच्या मुकुटाला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि समोरच्या माणसाचा हात त्याखाली घेतला. तो माणूस नुसता बघायला आलेला. त्याला वाटलं शेठजी हस्तांदोलन करताहेत, म्हणून त्यानंही जोरानं हात दाबला. शेठजी म्हणाले, "दिला." माणूस म्हणाला, "काय दिला?"

मास्तरांनी पुढे होऊन उपरणं काढून घेतलं. "शेठजी, हा धर्माचा लिलाव आहे. उघड्यावर बोला."

मग मात्र रंग भरला. मुकुट तालमीच्या वस्तादांनी घेतला. जिंकलेल्या पैलवानाला घालून गावातून मिरवायचा म्हणाले. गदाही तेच घेणार होते, पण उचलून बघितली आणि आत कापूस आहे हे कळल्यावर तोंड वाकडं करून परत ठेवली. महालाचा पडदा शेठजींनी स्वतःच पुकारला आणि स्वतःच घेतला. सिंहासनावर सलूनवाल्या तात्यांची आधीपासून नजर होती. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला एक डगमगती खुर्ची होती. सिंहासन पदरात पडताच ते त्यावर बसूनच राहिले. पुढच्या सगळ्या लिलावात त्यांना कुणी उठवू शकलं नाही.

जंगलाच्या पडद्यापाशी जरा अडलं. एवढं मोठं कापड, त्यावर हिरवी झाडं आणि वेली. कुणाच्या घरात मावणार? तेवढ्यात मागून एक उंच म्हातारे धनगर आबा पुढं आले. लोणी भापकरकडचे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत निरखला.

"झाडं लई ब्येस काढल्याती," ते म्हणाले. "आमच्याकडं माळाला झाडच न्हाय. ही तरी असूंद्या. कोकरास्नी सावली व्हईल."

त्यांच्या बोलीवर कुणी बोली चढवली नाही. शेठजींनी एक वार, दोन वार, तीन वार म्हटलं, आणि आबा अख्खं जंगल खांद्यावर टाकून निघाले.

शालू सगळ्यांत शेवटी निघाला. शेठजींनी तो दोन हातांवर पसरून धरला आणि एकदम हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "अहो, राणीसाहेबांना विचारलं का?" दुसरा म्हणाला, "बायकोला नेसवला तर ती मिशा मागंल." हेही हसत होते. पण मी त्यांच्या बाजूला बसले होते, आणि मला दिसत होतं की ते नुसते तोंडानं हसताहेत. बोली कुणीच करेना. शेठजींनी दोनदा पुकारलं. मला काय झालं कळलं नाही, मी बसल्या जागेवरून म्हणाले, "दोन रुपये."

भर बाजारात बाईमाणसाची बोली. सगळे मागं वळले. सासूबाईंनी माझं कोपर दाबलं. तेवढ्यात पलीकडून दुसऱ्या बाईचा आवाज आला, "अडीच."

त्या पिंपळीच्या मावशी होत्या. आठवड्याला बाजारात माळव्याच्या पाट्या घेऊन बसायच्या. वांगी, गवार, मेथी, आणि तोंडात सतत पान. कालव्याखाली त्यांची स्वतःची बागायत होती, बाई मोठ्या खमक्या होत्या.

मी म्हणाले, "तीन."

"साडेतीन," मावशी म्हणाल्या. मग जरा वाकून माझ्याकडं बघितलं. "अगं, तू त्येंचीच कारभारीण न्हवं? घरचंच लुगडं घरात न्यायला कशापायी भाव वाढवतीस? सोड की."

"तुम्हाला कशाला हवाय, मावशी? खोटी जर आहे, टोचते."

"ठाव हाय मला. पुढं बसून बघितलाय न्हवं का चार-पाच येळा. मला नेसायचाय. जल्मात एकदा राणीसारकं बसून बघायचंय मला."

आता कुणी हसलं नाही. मी सोडलं. मावशींनी शालू घेतला, भाजीच्या पाटीत मेथीच्या जुड्यांवर ठेवला आणि वरून फडकं झाकलं. घरी येताना हे माझ्या बरोबरीनं चालत होते. एरवी चार पावलं पुढं असायचे.

जमलेले पैसे मास्तर आणि हे इंदापूरला जाऊन देऊन आले. खोलीचं काम लागलं. हिवाळा सरला, होळी झाली, आणि चैत्रात निरोप आला की छप्पर चढलं, खाटा आल्या, उद्‌घाटनाला या. मास्तर आणि हे सर्व्हिस मोटारीनं आदल्या आठवड्यात तयारी बघायला गेले. तिथं गावकऱ्यांनी त्यांचा सत्कार केला, हार घातले, आणि कुणी प्रतिष्ठित गृहस्थ भाषणात म्हणाले की खोली नाटकवाल्यांनी दिली, तर तिचं उद्‌घाटनही नाटकानंच व्हावं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांच्या गळ्यात हार होता, डोळ्यांत पाणी होतं. ते उठून म्हणाले, "अवश्य करू."

परतीच्या मोटारीत, हे सांगतात, मास्तर बराच वेळ गळ्यातला हार चाचपत होते. मग ह्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, करू ते खरं. पण काय घालून?"

मास्तर म्हणे एकदम सरळ बसले. सगळं विकलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दोघं सामान मागत फिरू लागले, आणि मला त्या फिरण्यातल्या गमती रोज संध्याकाळी ऐकायला मिळायच्या. सलूनवाल्या तात्यांचं सिंहासन गावात भलतंच गाजलं होतं. एरवी महिन्यातून एकदा दाढी करणारी माणसं आता दर आठवड्याला येऊन बसत होती. तात्या म्हणाले, "सिंहासन देतो, पण ते जिथं जाईल तिथं मी जाणार. पाय नाजूक आहेत त्याचे." शेठजींनी पडद्याबरोबर गूळ वाहायची आपली लॉरी देऊ केली आणि म्हणाले, "मग मीही येतो, लॉरी माझीच आहे." वस्तादांनी मुकुटाबरोबर स्वतः येण्याची अट घातली. पिंपळीच्या मावशींकडे मी गेले होते. त्यांनी शालू घडी करून पितळी डब्यात जपून ठेवला होता.

"नेसलात का?" मी विचारलं.

"नेसले की. पाडव्याला. अर्धा दीस नुसती वसरीवर बसून हुते. आमचे मालक म्हनाले, आता सैपाक कोन करनार? म्या म्हनलं, राणीला इचारायचं नसतं." त्या मनापासून हसल्या. "न्हेजा. पर मी संगं येनार. आन नेसवनार मी. तुझ्या मालकाच्या टाचा दिसत्यात चालताना."

राहिले आबा. ते मेंढरं घेऊन कुठं गेले याचा पत्ता लागेना. शेवटी कुणीतरी सांगितलं की भिगवणच्या बाजूला भीमेच्या काठानं त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उतरलाय. ठरलं की लॉरी भिगवणवरून न्यायची आणि जाताजाता जंगल उचलायचं.

लॉरीत आम्ही गुळाच्या रिकाम्या पोत्यांवर बसलो होतो. मध्ये सिंहासन, त्यावर तात्या. सासूबाईंनी मला सोडलं होतं, कारण इंदापुरात लेक आणि नात होती आणि त्यांना द्यायला लाडवांचा डबा होता. भिगवणच्या अलीकडे नदीकाठी लांबूनच आमचं जंगल दिसलं. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या रानात चार काठ्यांवर ताणलेली ती हिरवी झाडं, आणि त्यांच्या खाली दाटीवाटीनं बसलेली कोकरं. मास्तर लॉरी थांबायच्या आतच उठून उभे राहिले. पण जवळ गेल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"आबा, खालची बाजू कुठं गेली?"

"करडांनी खाल्ली," आबा म्हणाले. "रंगात खळ हुती न्हवं. लई ग्वाड लागली त्यास्नी."

"किती खाल्लं?"

आबांनी नीट विचार केला. "जमीन खाल्ली. झाडं हाईत."

ते खरंच होतं. गवत, दगड, पायवाट, सगळं हातभर कुरतडून गेलेलं. पण दुसरा पडदा आणायचा कुठून? आबांनी मेंढरं मुलाच्या हवाली केली आणि ते जंगलासोबत लॉरीत चढले.

दवाखान्याच्या आवारात बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकल्या होत्या. तोच रंगमंच. त्याच्या बरोबर मागं नवी खोली, चुन्यानं पांढरी केलेली, दाराला आंब्याचं तोरण. नर्सबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मागं सगळं इंदापूर. नाटक उजेडीच, दुपार कलल्यावर सुरू केलं. मावशींनी ह्यांना शालू असा नेसवला की टाच काय, नखही दिसू नये. हे मला हळूच म्हणाले, "इतकी वर्षं तू चुकीचा नेसवत होतीस." मी म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही मुकाट्यानं नेसत होता."

पहिला अंक झकास झाला. फक्त मास्तरांनी राजा म्हणून रागानं सिंहासनावर बसकण मारली, तेव्हा पडद्याआडून तात्यांचा आवाज आला, "जरा सावकाश." प्रेक्षकांना तो प्रधानच वाटला.

दुसऱ्या अंकात वनवासातली राणी. जंगलाचा पडदा टांगला. गोष्ट अशी होती की राजा झाडामागं लपून राणीचा विलाप ऐकतो. ह्यांनी विलाप सुरू केला, आणि माणसं गालातल्या गालात हसू लागली. झाडांच्या खाली, जिथं जमीन करडांनी खाल्ली होती, तिथं मास्तरांचे दोन पाय स्वच्छ दिसत होते, शाळेत घालायच्या पंपशूंसकट. हे रडताहेत आणि लोक हसताहेत. मग पुढून आबा उठले. सरळ फळ्यांवर चढले, खांद्यावरची काळी घोंगडी काढून पडद्याच्या पायथ्याशी आडवी अंथरली, कडा वर दुमडल्या, आणि मागं सरून बघितलं.

"आता झाली जिमीन," ते म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. टाळ्या थांबेनात.

तेवढ्यात आवाराच्या फाटकात बैलगाडी येऊन थांबली. एक म्हातारी खाली उतरली, तिच्यामागून एक तरुण शेतकरी, आणि गाडीत कण्हणारी पोरगी. वाडीवरून आणली होती. नर्सबाई काही न बोलता उठल्या. लोकांनी वाट केली. चार बायकांनी त्या पोरीला हात देऊन रंगमंचाच्या बाजूनं नव्या खोलीत नेलं. खोलीतली ही पहिलीच.

मास्तरांनी नाटक थांबवलं. झाडामागून बाहेर येऊन, मुकुट काढून ते उभे राहिले. थोड्या वेळानं नर्सबाई दारात आल्या.

"बंद का केलंत?"

"तिला त्रास नको म्हणून," मास्तर म्हणाले.

"तीच विचारतेय, राणीचं पुढं काय झालं म्हणून. चालू द्या. तिचं लक्ष लागतंय तिकडं."

मग ते नाटक जसं झालं तसं मी पुन्हा कधी बघितलं नाही. ह्यांनी प्रेक्षकांकडं अर्धी पाठ केली आणि खोलीच्या दिशेनं तोंड करून बोलू लागले. शब्दन् शब्द सावकाश, स्पष्ट, आतल्या एका बाईला ऐकू जावा असा. प्रेक्षकांना त्याचं काही वाटलं नाही. मध्ये राजाचं लांबलचक स्वगत होतं, तेव्हा हे मागं उतरले. मी तिथंच उभी होते. तेवढ्यात ती म्हातारी घाईघाईनं दारात आली. पुढं शालू नेसलेली, नथ घातलेली बाई दिसली. झालं.

"अगं ए बाय, नुसती नटून काय हुबी ऱ्हायलीस? त्यो चुलीवरला हंडा उचल की. गरम पानी पायजे."

मी पुढं होणार, तर ह्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. पदर खोचला, फडक्यानं हंडा धरला आणि दारापर्यंत नेऊन ठेवला. म्हातारीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "सौभाग्यवती हो माझे बाय. तुजी बी कूस उजवू दे." हे खाली वाकले आणि तिच्या पायाला हात लावून, चिंब झालेले काठ सावरत परत फळ्यांवर चढले. मी तोंडात पदर कोंबून उभी होते.

शेवटचा अंक आला. राजा मध्यरात्री महालात एकटा आहे, त्याला चाहूल लागते आणि तो तलवारीला हात घालून विचारतो. मास्तरांनी छाती फुगवून विचारलं, "कोण आहे तिकडे?"

आणि मागच्या खोलीतून बाळ रडलं.

मास्तरांना पुढचं वाक्य आठवेना. आठवलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. अख्खं आवार उठून उभं राहिलं होतं. फेटे उडत होते, बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या, शेठजी अनोळखी माणसाचे हात दाबत होते. नर्सबाईंनी दारातून सांगितलं, "मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत." वन्सं आपल्या लेकीला कडेवर घेऊन माझ्या शेजारी उभ्या होत्या. एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या.

नाटक संपलं ते कुठं संपलं कुणालाच सांगता आलं नसतं. हे मागं येऊन नथ काढत होते, डोक्यावरचा टोप उतरवून ठेवला होता, तेव्हा ती म्हातारी पुन्हा आली. हातात खण-नारळ होता, कुठून मिळवला देव जाणे. "पानी आनलेली बाय कुटं गेली? तिची वटी भरायची हाय मला."

हे तसेच शालूत, बोडक्या डोक्यानं, तिच्यासमोर उभे राहिले. म्हातारीनं खालपासून वरपर्यंत बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

"आजी, तो मीच," हे आपल्या दुकानातल्या आवाजात म्हणाले. "माफ करा."

"आसू दे बाबा," ती म्हणाली. "हंडा तर आनलास. तुजी कारभारीण कुटं हाय?"

मी पुढं झाले. तिनं मला तिथल्याच सिंहासनावर बसवलं. तात्यांनी हरकत घेतली नाही. कुंकू लावून तिनं माझी ओटी भरली. माझं लग्न होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. ही गोष्ट तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पुढं आम्हाला मुलं झाली, दोन. त्या ओटीमुळं झाली असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून तसंच आठवतं.

परत येताना भिगवणला नदीवर थांबलो. आबांचा वाडा तिथंच होता. आबांनी आम्हाला मेंढीच्या दुधाचा चहा पाजला. तो इतका दाट की शेठजींनी दोनदा घेतला. हे पाण्यात उतरून तोंड धूत होते. गालावरची लाली जाता जात नव्हती.

"आता बास," ते मास्तरांना म्हणाले. "पुढच्या खेपेला मला म्हाताऱ्याचं काम द्या. प्रधानाचं द्या. काहीही द्या."

"आणि राणी कोण?" मास्तरांनी विचारलं. "आता लोक खऱ्या बाईशिवाय बघणार नाहीत. आपल्या गावातली कोण उभी राहणार?"

पिंपळीच्या मावशी पान लावत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माजी सून हाय. दिसायला बरी, आन आवाज आसा की बांधावरनं हाक मारली तर कालव्याच्या पल्याड जातीया."

मास्तर चपापले. "मावशी, घरचे सोडतील का? तिच्या सासूला आधी विचारायला हवं."

"मंग इचारा की," मावशी म्हणाल्या. "समुरच बसलीया."

मास्तरांनी ओले हात धोतराला पुसले आणि रीतीप्रमाणे विचारलं. मावशींनी पान तोंडात घातलं, सावकाश चावलं, आणि होकार दिला. अट एकच, तालीम संध्याकाळी दिवेलागणीच्या आत संपली पाहिजे, कारण म्हशीची धार सुनेच्याच हातची लागते. मास्तर म्हणाले की म्हशीची वेळ बघूनच तालमी लावू. ती पोरगी पुढच्या हंगामात आमच्या दुकानामागच्या खोलीत पहिल्यांदा तालमीला आली. भिंतीकडं तोंड करून, मागं न वळता तिनं आपलं पहिलं वाक्य म्हटलं, आणि रस्त्यानं चाललेली माणसं थांबून खिडकीतून आत बघू लागली.